श्रावणचा डोंगा

सकाळी सातला दवाखान्यातून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले…" एवढंच त्या बोलल्या. श्रावण गेला, आणि रडू येण्याआधी मला आठवलं ते आदल्या संध्याकाळी मी त्याच्याशी बोललेलं खोटं. महिना उलटला, तरी आधी तेच आठवतं.

कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर म्हणून जन्म घालवलेला श्रावण प्रताप नगरात माझा शेजारी. मी शाळामास्तर, तो हाडाचा मासेमार. कुहीकडचं त्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या बोटक्लबातली जुनी फायबरची बोट आणली आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर दोन वर्षं तिच्याशी झटला. तडे बुजवले, इंजिन खोलून पुन्हा बसवलं. चालवायचं चाक मधोमध, त्यामुळे चहूबाजूंनी फिरून जाळं टाकता येई. गल्ली हसायची, मीही हसायचो. "नागपुरात समुद्र कधी येणार रे?" असं रोज विचारायचो. तो मात्र तिला कधी बोट म्हणाला नाही. त्याच्यासाठी तो डोंगा. पहिल्यांदा धरणाच्या पाण्यात घातला तेव्हा त्यानं मला सोबत नेलं. मधेच इंजिन बंद करून म्हणाला, "मास्तर, पाय जपून ठेवजो गा. खाली आमचं घर हाये." त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं.

यंदा त्याच्या छातीनं दगा दिला. त्यात डोंगा उभा असायचा त्या प्लॉटवर बांधकाम निघालं, तो हलवणं भागच होतं. दवाखान्यातल्या खाटेवर त्यानं चिठोऱ्यावर जाहिरात लिहून दिली : 'डोंगा विकने आहे. जुना पन पक्का. मासे मारनाऱ्यानंच यावं.' मी लाल पेन काढलं. एवढ्या वर्षांची खोड!

"काहून खोडून राहिला गा? डोंगा म्हटलं तं कमी होते का?"

मी ऐकलं नाही. 'नूतनीकृत आकर्षक नौका विक्रीस उपलब्ध' असं झोकात लिहिलं, शेवटची ओळ अनावश्यक म्हणून काढली, खाली माझा नंबर टाकला आणि कुहीच्या बसस्टँडवर कागद डकवून आलो.

फोन एकच आला, हायवेवरच्या एका ढाबेवाल्याचा. त्याला नौका दारात मांडायची होती. तळाला भोकं पाडू, माती भरू, शोभेची झाडं लावू, लोक फोटो काढतील… बांधकामवाले घाई करत होते. मी देऊन टाकली. संध्याकाळी श्रावणनं विचारलं, "कोनं नेला?"

"मासेमारच आहे, कुहीकडचा."

"मंग बरं झालं… डोंगा पाण्यातच राहिला पायजे." आणि तो डोळे मिटून पडून राहिला. तीच शेवटची भेट.

तेरवीला कुहीकडचे दोन मासेमार आले, पाण्यावरच्या ओळखीचे. जेवण झाल्यावर एकानं विचारलं, "डोंगा कुठी हाये, मास्तर? आम्ही नेला असता."

"स्टँडवर जाहिरात लावली होती की!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ते नौकेची होती ना जी? वाचली आम्ही. आम्हाले वाटलं, कोन्या साहेबाची असन."

मला त्यांच्याकडे बघवेना. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तो चिठोरा आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. जन्मभर पोरांच्या चुका लाल शाईनं खोडल्या. न-णचा घोळ सोडला, तर श्रावणच्या त्या तीन ओळींत एकही चूक नव्हती… आणि त्या मी सगळ्या खोडल्या.