आमच्या साडूंची तापणारी गाडी

जुनी गाडी चढावरच का तापते, या एका प्रश्नाचे उत्तर नीट मांडावे म्हणून मी लिहायला बसलो. परंतु त्या उत्तराकडे जाणारा रस्ता आमच्या बेलापूरच्या साडूंच्या अंगणातून जातो, आणि तेथे थांबल्यावाचून कोणालाही पुढे जाता येत नाही. गाडीच्या तापाची आमच्या साडूंइतकी काळजी करणारा मनुष्य साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. बावीस वर्षांची, एसी नसलेली ती गाडी रात्रभर अंगणात उभी असते, तरी सकाळी चहाच्या आधी ते तिच्या बॉनेटवर पालथा हात ठेवतात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगतात, "आज बरी हाय."

तपासणीचा त्यांचा क्रम ठरलेला असे: आधी पाणी, मग पट्टा, मग पंखा. इंजिन सुरू करून ते रेडिएटरची वरची नळी आणि खालची नळी आलटूनपालटून चाचपीत. वरची गरम आणि खालची गार राहिली, तर पाणी फिरत नाही असे समजावे, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावले आहे की शाळेत मी स्वतः कोणताही धडा तितक्यांदा शिकवला नसेन. "आन् गरम असताना झाकन उघडायचं न्हाई, गुरुजी. त्याच्याकडं बघायचं बी न्हाई," असे बजावून ते झाकणासमोर टॉवेल घेऊन उभे राहत, जणू मी संधीच शोधीत होतो. पूर्वी कोण्या मिस्त्रीने त्या गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसे तापल्यावरच वाट मोकळी करणारी झडप, निरुपयोगी म्हणून काढून टाकला होता. तेव्हापासून इंजिन तापायला वेळ लागे आणि थंडीत हीटर नुसती गार फुंकर घालीत असे. साडूंनी नवी झडप आणली आणि ती बसवण्यापूर्वी दुधाच्या पातेल्यात उकळून, घड्याळ लावून, उघडते की नाही हे पाहिले. एकदा पाहून त्यांचे समाधान झाले नाही. दोन महिने ती झडप गाडीतून पातेल्यात आणि पातेल्यातून गाडीत ये-जा करीत राहिली.

कारण गाडी तरीही तापत होती. साडूंच्या पत्नी म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या भगिनी; त्यांना आम्ही सारे आक्का म्हणतो.  भाचीच्या लग्नाला राजूरला निघताना त्यांनी एक अट घातली: "वाटंत एकदा जरी वाफ निघाली, तर गाडी विकायची." साडूंनी मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना चहा अर्धा टाकून उठताना पाहिले.

माघातली दुपार होती. अकोले गावाच्या पुढे चढ लागला आणि मागच्या आसनावर पत्नीशेजारी बसलेल्या मला तापमानाचा काटा वर सरकताना दिसला. साडूंनी तो माझ्या आधी पाहिला असणार. त्यांनी अत्यंत प्रेमळ स्वरात आक्कांना विचारले, "थंडी वाजतीय का?" आणि उत्तराची वाट न पाहता हीटर पूर्ण सोडला. येथे वाचकांनी ध्यानात घ्यावे की हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. तो चालू केला की इंजिनातली थोडी उष्णता आत बसलेल्या माणसांच्या वाट्याला येते. आमच्या वाट्याला बरीच आली. आक्कांनी शाल काढली, मग स्वेटर काढला.

"अवो, बारा वाजलेत दुपारचे. थंडी कुनाला वाजतीय?"

"पुढं वाजंल. राजूरची हवा लई बाधते."

"गाडी थांबवा. काटा मला बी दिसतो."

साडूंनी गाडी सावलीत घेतली आणि स्टिअरिंगवरचे हात न काढता हळूच म्हणाले, "वाफ न्हाई निघाली. अट वाफंची हुती."

आक्का उतरल्या. गाडीसमोर वाकून त्यांनी जाळीतून आत पाहिले, अंबाड्यातला आकडा काढला आणि जाळीच्या आतून उसाच्या वाळक्या पाचटाचा एक पुंजका ओढून काढला. मग दुसरा. हंगामभर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे मागे गाडी चालवून रेडिएटरच्या तोंडावर पाचटाची गोधडीच बसली होती. सपाटीवर तेवढ्यावर निभत असे; पण चढावर इंजिनाला कष्ट जास्त, वेग कमी, मग पुरेसा वारा आत शिरणार कोठून?

"हे काय हाय?"

साडूंनी पुंजका हातात घेऊन पाहिला. "पाचट."

"मग दोन महिने पातेल्यात काय उकळत हुता?"

गाडी निवेपर्यंत आम्ही चौघांनी पाचट वेचले. शेवटी साडूंनी जमिनीकडे पाहत विचारले, "विकायची का मग?"

"बसा," आक्का म्हणाल्या. "अक्षता चुकतील."

तेव्हापासून गाडी तापलेली नाही, आणि साडू थोडे रिकामे झाले आहेत. नळ्या चाचपतात, पण त्यांच्या बोटांना सांगण्यासारखे काही सापडत नाही. मध्यंतरी मी बेलापूरला गेलो होतो. आक्का स्वतःच गाडी चालवीत बाजारातून परतल्या होत्या. पिशवी ओट्यावर ठेवून त्या सहज म्हणाल्या, "जरा बघा बरं, आज गाडी गरम लागतीय मला." साडू लगबगीने उठले. मी आक्कांकडे पाहिले. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प बसवले आणि दुधाचे पातेले फडताळात आत सरकवून ठेवले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले, ते एवढेच. तरी ते माझ्या शब्दावर मानू नये. इंजिन पूर्ण थंड असताना प्रत्येकाने आपल्या गाडीच्या जाळीत स्वतः वाकून पाहावे, ही विनंती.