खिडकी कुणाची

माझी मावशी रफू करते. शालीला पडलेलं भोक ती त्याच शालीच्या काठातून काढलेल्या धाग्याने असं भरते, की दुसऱ्या दिवशी ते तिचं तिलाही सापडत नाही. स्वभाव मात्र उलटा. माणसाशी एकदा फाटलं की फाटलं.

काका गेल्यावर दुकान तिच्या आणि तिच्या दिराच्या वाट्याला आलं. तो शिंपी. दुकानाला खिडकी एकच, आणि तिच्याखाली मावशीचं टेबल. रफूला दिवसाचा उजेड लागतो. दिव्याखाली काळा धागा आणि गडद निळा धागा सारखेच दिसतात. दिराला तीच जागा मोबाइलचा स्टँड लावायला हवी होती.

"वहिनी, हल्ली गिऱ्हाईक रस्त्यावरून येत नाही. मोबाइलमधून येतं."

"मग मोबाइलमध्येच जाऊन बसा की, भाऊजी. टेबल कशाला अडवता?"

बरीच आदळआपट झाल्यावर ठरलं: दोघांनी नेटवर आपापली जागा निवडायची. थंडी संपेपर्यंत ज्याच्याकडे नवी गिऱ्हाइकं जास्त येतील, खिडकी त्याची.

दिराने फोटोंचं पेज काढलं. मावशीला न विचारता तिच्याही कामाचे फोटो टाकले, आधीचा आणि नंतरचा. रफू दिसेचना. लोकांनी लिहिलं, कोट बदललाय, फसवताय. तरी फॉलोअर वाढत होते. मी नावं वाचून दाखवली. निम्म्याहून जास्त शिंपीच होते.

"छान," मावशी म्हणाली. "आता एकमेकांचे सदरे शिवा."

तिचा हिशेब वेगळा होता. फाटका कोट आणणारा माणूस पिशवीचं तोंड मुठीत आवळून येतो. तो चारचौघांत रफूवालीला फॉलो कशाला करेल? जुन्या गिऱ्हाइकांना खासगी निरोप धाडायचे, ते आपापल्या माणसांना गुपचूप सांगतील. एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जाईल, एकाला दुसरा दिसणार नाही, अशी सोय मी तिला लावून दिली.

"दिसतच नाहीत ती माणसं मोजायची कशी?" दीर खिजवायला लागला. "असतील चार म्हाताऱ्या."

तेवढंच तिला झोंबलं. मला न विचारता तिने सरळ सगळ्यांना सगळे दिसतील असा ग्रुप काढला आणि आयुष्यभराची गिऱ्हाइकं त्यात कोंबली. लिहिलं, 'फाटलं, जळलं, उंदराने कुरतडलं, निःसंकोच कळवा.'

पहिला निरोप आला एका वकीलबाईंना, त्यांच्याच जावेचा. 'अगं, तू इथे कशी? तो कोट नवा घेतलाय म्हणाली होतीस ना?'

मग माणसं एकेक करून ग्रुप सोडू लागली. दीर कात्री थांबवून मोठ्याने वाचत होता. "ह्या गेल्या. हे पण गेले. वहिनी, दार तरी लावून घ्या, सगळेच चाललेत."

दुपारी वकीलबाई स्वतः आल्या. "रफू कुठेही होतं, बाई. तुमच्याकडे यायचो ते तुमचं तोंड बंद असतं म्हणून." त्यांनी अर्धवट झालेला कोट टेबलावरून ओढला.

"त्यात सुई आहे," मावशी म्हणाली.

"असू दे."

ती माफी मागेल असं मला वाटलं होतं. तिने नुसती उरलेल्या धाग्याची गुंडाळी केली.

थंडी संपली. दिराकडे थोडी नवी माणसं आली होती, मावशीकडे एकही नाही. त्याने तिचं टेबल आतल्या भिंतीशी ओढत नेलं. ती आडवी आली नाही, हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्टूल उचललं, ऐन दारात मांडलं आणि काकांचा जुना कोट मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या कुणाचा कपडा नव्हताच.

"वहिनी, हे काय? शब्द दिलाय तुम्ही."

"खिडकीचा दिलाय. दाराचं बोलणं कधी झालं?"

"अहो, पण गिऱ्हाईक आत येणार कुठून?"

मावशीने सुईत धागा ओवला. वर बघितलं नाही.

"तुमचं मोबाइलमधून येतं ना?"