पहिल्या हाकेची ओ

गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीतल्या आमच्या रॉक बँडमध्ये मी एकटीच बाई, आणि पुढं उभी राहून गाणारीही मीच. लोक म्हणायचे, "बाईमाणूस होऊन कायले बोंबलते?" मी म्हणायची, "तुमच्या घरी येऊन बोंबलते का?"

त्या वर्षी आमच्या गिटारवाल्याला कारखान्यात नोकरी लागत होती. त्यानं सरळ सांगितलं, "अहेरीकडचा प्रोग्राम पडला तर मी सोमवारी कामावर." तो गेला की बँड संपला, आणि बँडशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं.

दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे तिकडची जत्राच. दुपारचं ऊन, मैदान गच्च भरलेलं, स्टेजच्या मागं नुसता साग. पहिलं गाणं झालं, टाळी नाही. सवयीनं मी ओरडले, "आहात का सगळे?" सगळे गप्प. नुसते बघत होते. फक्त मागून, झाडांतून, एका बाईनं बारीक आवाजात ओ दिली. वळून पाहिलं तर कोणीच नव्हतं.

पुन्हा ओरडले. समोर तेच. मागून पुन्हा ओ, जरा जवळून. गिटारवाला वायर काढायला वाकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, म्हटलं माणसं आहेत का दगड! तेवढ्यात प्रोग्राम ठेवणारे भाऊ कानाशी आले. "बाई, अजून एकडाव हाक मारा. आमच्या इथी पयल्या दोन हाकेले कोणी ओ देत नाई. जंगलातली दोनदाच बोलावते. तिसऱ्यांदा बोलावते तो माणूस."

तिसऱ्यांदा ओरडले आणि अख्खं मैदान गरजलं. गिटारवाला हसला. नोकरीवर गेला नाही. मी आनंदानं येडी झाले.

उतरताना भाऊंना विचारलं, "मग पहिल्या हाकेला ओ कोणी दिली?" त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "गाडीत बसा, बाई," एवढंच म्हणाले.

पुढं कुठंही हाक मारली की लोकांच्या आधी मागून ती ओ यायची. मी कोणाला बोलले नाही. बँडमधली पोरं पळाली असती. शेवटी चंद्रपूरच्या एका हॉलमध्ये, मागं पक्की भिंत असताना, गिटारवाल्यानंही ती ओ ऐकली आणि तो पांढराफटक पडला.

"कवापासून आयकून राह्यली तू?"

"अहेरीपासून."

"अन् तरी हाक मारतच राह्यली?"

त्यानं गिटार खाली ठेवली ती ठेवलीच. महिन्याभरात बँड मोडला. भीती मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू? पण सगळं मैदान गप्प होतं तेव्हा ओ देणारी ती एकटीच होती. हाक मारणं थांबवून तिला सोडायचं माझ्या जिवावर आलं.