साटंलोटं

वाशीमला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ शिलाई मशीन दुरुस्त करतात. बोलताना पेचकस कानामागे खोचतात आणि प्रत्येक वाक्य "बरोबर ना?" म्हणून पक्कं करून घेतात.

तुरीवर संशोधन करणाऱ्या त्यांच्या मुलीला दोन विद्यापीठांमधल्या अदलाबदलीची शिष्यवृत्ती मिळाली. तिनं सहा महिने जपानला जायचं, आणि तिकडची एक मुलगी इकडच्या विद्यापीठात येणार.

"म्हंजे लग्नातलं साटंलोटंच, भाऊ! आपली पोरगी त्याईच्या घरी, त्याईची आपल्या घरी. म्हनूनच त मी हो म्हनलं. बरोबर ना?" असं म्हणत त्यांनी पाहुणीसाठी पुढची खोली रंगवून घेतली.

मला चुकीचा हिशेब बघवत नाही. मी म्हणालो, "ती विद्यापीठाच्या वसतिगृहात राहील. तुमच्याकडे नाही."

त्यांनी कानामागचा पेचकस काढून खिशात ठेवला. आता मुलीचं जाणं मोडलं, असं मला वाटलं. मग त्यांनी खोलीचा फोटो काढला आणि मुलीला म्हणाले, "हा तिच्या बापाले पाठव. म्हनाव, पोरगी कुठंबी राहो, इथं तिचं घर आहे."

माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तिकडंबी आपल्या पोरीले कोनी असंच म्हनन. बरोबर ना?"

मी हो म्हणालो. पडताळून पाहायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.