कुड्याच्या पाड्यावर रिगचा मुक्काम

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं, तेव्हा आमच्या भुईगावात बहुतेकांची समजूत झाली की मी पुढे शाळेत भूगोल शिकवणार. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे ती समजूत खोडून काढायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. पुढे ठाण्याला पाण्याचा शोध घेणाऱ्या एका सरकारी कार्यालयात मला हंगामी काम मिळालं. दिवसभर नकाशांवर रंगीत पेन्सिली फिरवायच्या. डोंगरातल्या पाड्यांवर बोअर मारणाऱ्या रिगसोबत जाणाऱ्या मदतनिसाची बदली झाली आणि मी त्याच्या जागी जाते म्हटलं. साहेब म्हणाले, रिगवर बायकांची काही सोय नसते. मी म्हटलं, सोय तर आपल्या कार्यालयातही नाही, मी समोरच्या शाळेत जाते. त्यांनी सही केली.

आईची चिंता चर्चमधल्या रविवारच्या मिस्साची होती. बाबांनी केळीच्या बागेत पाणी सोडता सोडता एवढंच विचारलं, "तिथं झोपायचं कुठं?" मी सांगितलं की पाड्यावर एका घरी. त्यावर ते म्हणाले, "पाणी नाही लागलं तर परत यायला लाजू नकोस." आईने सुक्या बोंबलांचा डबा, चटणी आणि दोन दिवसांचे पाव बांधून दिले.

पावसाळ्यात चिंचोटीचा धबधबा बघायला जाणाऱ्यांना अर्धा रस्ता ओळखीचा आहे. वसई स्टेशनच्या पूर्वेकडून भिवंडीची एसटी पकडायची आणि कामणला उतरायचं. तिकीट किरकोळ, गर्दी मात्र भरपूर. सकाळची पहिली गाडी चुकली तर दुसरीची वाट बघत चहा पिण्यापलीकडे काही करता येत नाही. मी गेले ते वैशाखात. चिंचोटीच्या डोंगराकडे खिडकीतून पाहिलं तर धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ. कामणच्या नाक्यावर उसळपाव चांगला मिळतो, तो पोटभर खाऊन घ्यावा, कारण पुढे हॉटेल नाही. तिथून पाड्यापर्यंत बैलगाडीची वाट आहे. दीड-दोन तास चालायची तयारी हवी, पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि पाण्याची बाटली भरून घ्यावी. ही शेवटची सूचना मी पाळली नव्हती.

कुड्याचा पाडा म्हणजे डोंगराच्या कुशीतली पंधरा-वीस वारली घरं. रिग दिसायच्या आधी ऐकू येते. एका ट्रकवर उभा मनोरा, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर, आणि त्यांच्याभोवती पिठाच्या गिरणीत असतो तसा पांढरा थर. झाडं, भांडी, माणसांच्या भुवया, सगळं पांढरं. रिगवरची माणसं तमिळ होती. त्यांचा मुख्य मुरुगेसन, पन्नाशीचा, कपाळावर विभूती. त्याला सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. त्याच्या हाताखाली सेल्वम नावाचा दांडगा तरुण. महिनोन् महिने ही माणसं ट्रकखालीच राहतात. ट्रकखाली झोपायचं, ट्रकच्या सावलीत भात-सांबार शिजवायचं, ट्रकच्या आरशात दाढी करायची. माझा बोंबलांचा डबा पहिल्याच दिवशी सांबारात गेला आणि त्यानंतर माझ्याशी बोलताना अण्णांच्या आवाजातला परकेपणा कमी झाला.

काम मी मनात रंगवलं होतं त्यापेक्षा फार वेगळं निघालं. मला वाटलं होतं, रिगवर खोदतात. रिगवर मुख्यतः वाट बघतात. एक दिवस डिझेल आलं नाही म्हणून गेला. दुसरा दिवस कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला म्हणून; नवा पट्टा आणायला माणूस वसईला गेला तो चुकीच्या मापाचा घेऊन आला. यंत्र सुरू असलं की काही ऐकू येत नाही, म्हणून सगळं हाताच्या खुणांनी बोलायचं. यंत्र बंद झालं तरी लोक काही वेळ खुणाच करत राहतात. धुळीने केस झाडूसारखे होतात आणि अंघोळीला पाणी नसतं. सगळ्यात लाज वाटायची ती एका गोष्टीची. पाणी शोधायला आलेल्या या यंत्रालाच गार राहायला पाणी लागतं, आणि ते पाणी पाड्यातल्या बायका ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून वाटी-वाटीने हंड्यात भरून आणत होत्या.

मी उतरले होते सोनीबायच्या घरी. तिच्या मुलीचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं. घर कुडाचं, स्वच्छ. पहाटे मी तिच्याबरोबर आणि तिच्या जावांबरोबर उतारावर जात असे, मग झिऱ्यावर. हंडा भरेपर्यंत तिथे नंबर लावून बसायचं. सोनीबाय हसून म्हणायची, "बाय, तू कागद शिकलीस ना, मग कागदावर दिसत नाय का पानी?" मी तिला समजावत बसे की कागदावर फक्त अंदाज दिसतो. ती मान डोलवायची आणि माझा हंडा पुढे सरकवायची.

पाड्यासाठी दोन बोअर मंजूर होते. पहिला मी यायच्या आधीच कोरडा गेला होता. दुसऱ्याची जागा मी दाखवली होती, नकाशावर आणि मग पायांनी. हा कोरडा गेला तर पाड्याचा नंबर पुन्हा कधी लागेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. त्यात रिग खाजगी मालकाची. शनिवारी ती डोंगरातून खाली हवी, असा त्याचा निरोप आला होता.

म्हणून गुरुवारी मी चालत कामणच्या पोस्टात गेले आणि मालकाला फोन लावला. दोन दिवस वाढवून मागितले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुळिंजला चार मजली बिल्डिंग उभी आहे. लोक राहायला आलेत आणि टाकी कोरडी. ती पण माणसंच आहेत ना?" तुळिंजच्या बायका रस्त्यावर बादल्या घेऊन उभ्या असलेल्या मी पाहिल्या होत्या. उन्हातून परत येताना मी ठरवलं की उरलेल्या दीड दिवसात जेवढं होईल तेवढं करू.

पोचले तेव्हा यंत्र बंद होतं. अण्णा तापाने फणफणून ट्रकखाली पडले होते, सकाळपासून यंत्राचा दांडा सेल्वमच्या हातात होता. आमची पद्धत अशी, की एकेक नळी जमिनीत उतरली की तिच्याबरोबर वर आलेला दगडाचा चुरा वेगळ्या गोणपाटावर ठेवायचा. पहिल्या नळीचा पहिला ढीग, दुसरीचा दुसरा, अशी रांग. संध्याकाळी मी त्या ढिगांवरून खाली काय काय लागलं ते लिहून काढायची. आज रांगेत पहिले तीन ढीग जागेवर होते. चौथं, पाचवं आणि सहावं गोणपाट रिकामं. नुसतं रिकामं नाही, झटकून घडी घालून ठेवलेलं.

सेल्वम भात कालवत होता. त्याने सांगितलं, चौथ्या नळीत लाल माती लागली. मऊ होती, सरसर गेली. मग धूळ उडायची थांबली म्हणून तो खूशच झाला आणि सहावी नळी उतरल्यावर यंत्र बंद करून झोपला, तो आत्ता उठला होता. लाल माती संपली कुठे, हे त्याने पाहिलं नव्हतं. ढीग ठेवले की त्याचं काम संपत होतं.

आता हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगते. आपल्या डोंगरात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा थर असतो. तो ठिसूळ. त्याच्या आत लोखंडी पाइप उतरवला नाही तर माती ढासळते आणि खोदणारा हातोडा छिन्नीसकट खालीच अडकतो. आमच्याकडे पाइप होते ते पाच नळ्यांपुरते. लाल माती पाचवीत संपली असेल तर पाइप घालून पुढे जाता येणार होतं. सहावीतही असेल तर बोअर तसाच सोडून निघायचं.

अण्णा घोंगडीतून उठून बसले. "मॅडम, लाल मिट्टी में हॅमर गया तो गया. मेरा एक गया है." मागच्या वर्षीचा तो हातोडा मालक अजून त्यांना विसरू देत नव्हता. ते म्हणाले, सामान आवरू, सकाळी निघू, शनिवारची वाट कशाला बघायची. मी विचारलं, सहावीत लाल नसेल तर? त्यांनी रिकाम्या गोणपाटाकडे बोट केलं. मला राग आला होता, पण कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

ढीग कुठे गेले असतील याचा अंदाज मला सोनीबायच्या अंगणात पाऊल टाकलं तेव्हा आला. ती, तिच्या जावा आणि नवरी मुलगी कोपरापर्यंत लाल झाल्या होत्या. वारल्यांच्या लग्नघरात भिंत लाल मातीने सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने देवाचा चौक लिहितात. चांगली लाल माती आणायला बायकांना डोंगर ओलांडून जावं लागतं. ती आज दारात वर आली होती. मी म्हटलं, विचारायचं तरी.

"आमाला वाटला तुमी फेकून देनार," सोनीबाय म्हणाली. "रोज पांढरी फेकता तशी. आनि गोनपाट तर ठेवली ना घडी करून."

मी खाली बसले. भिंत ओली होती आणि खरोखर सुंदर दिसत होती. बघता बघता लक्षात आलं की ती सगळी सारखी नाही. दाराजवळ गडद आणि लोण्यासारखी गुळगुळीत, मधेही तशीच. मागच्या कोपऱ्यात मात्र फिकट आणि खरबरीत. मी विचारलं, कुठून सुरुवात केली? दाराकडून. आणि ढीग कोणत्या क्रमाने उचलले? तिन्ही पाट्या रांगेने भरल्या होत्या, चौथ्या गोणपाटापासून.

"कोपऱ्याला काय झालं?"

"ती शेवटची पाटी," सोनीबाय कंटाळून म्हणाली. "खडे लय, पांढरे दाने. आनि वल्ली. गोळं गोळं झालेली. पानी घालायलाच लागला नाय. भितीला धरंना, निम्मी मागं टाकून दिली."

घरामागे जाऊन मी तो टाकलेला ढीग उकरला. काळपट खडे, त्यांत पांढरे मणी, भोवती वरून ओघळून आलेला लाल चिखल. म्हणजे लाल माती पाचव्या नळीतच संपली होती आणि सहावीत सच्छिद्र दगड लागला होता. त्या दगडातच आपल्याकडे पाणी असलं तर असतं. आमची रिग हवेवर चालते, भोकात पाणी सोडत नाही. मग चुरा ओला कसा? सेल्वमची धूळ ज्यामुळे थांबली होती ते पाणी माझ्या मुठीत होतं.

मी मूठ तशीच बंद ठेवून अण्णांकडे गेले. त्यांनी खडे बोटांत चोळले, वास घेतला, पण विश्वास ठेवला नाही. बाकीची माती पाहतो म्हणाले. तापातच माझ्या मागून चालत आले, वाकून घरात शिरले आणि भिंतीपाशी गेले. दाराजवळ अंगठा दाबला, मधे दाबला, कोपऱ्यात दाबला.

"अरं बाबा, आंगठा काय उठवतंस?" सोनीबाय ओरडली. "भित हाय, कोर्ट नाय."

अण्णांना मराठी फारसं येत नव्हतं, पण ओरडा कळला. त्यांनी हात जोडले. बाहेर आल्यावर ट्रकपाशी जाऊन पाइप मोजले. मग मला म्हणाले, "कल पाइप डालेगा. एक ही दिन, मॅडम."

शुक्रवारी पाइप उतरवायला दुपार झाली. एक पाइप सांध्यावर बसेना, सेल्वमने तो घणाने ठोकून बसवला. मग पुन्हा यंत्र सुरू झालं. आधी ओला काळा चुरा, मग चिखल, आणि आठव्या नळीच्या आसपास गढूळ पाणी नळीच्या कडेने उसळून सगळ्यांच्या अंगावर आलं. फार नव्हतं. हापशीला पुरेल एवढं, असं अण्णांनी बोटांच्या खुणेने सांगितलं. कोणी नाचलं वगैरे नाही. बायकांनी घरातली भांडी आणली आणि त्या फवाऱ्याखाली धरली. सोनीबायने तिथेच कोपरापर्यंतचे लाल हात धुतले.

शनिवारी सकाळी रिग तुळिंजला निघून गेली. बोअरवर लोखंडी झाकण बसवलं, मधे बोटभर भोक. हापशी ठाण्याच्या सरकारी भांडारातून यायची आहे. कधी, ते भांडारालाही ठाऊक नाही. पाणी लागलं आणि तरी ते वर काढायला काही नाही, ही गोष्ट पाड्यावर समजावून सांगणं मला सगळ्यात जड गेलं. सोनीबाय हंडा उचलून झिऱ्याकडे गेली.

लग्नाला मी आईला घेऊन पुन्हा गेले. तुम्ही गेलात तर वैशाखातच जा, चौक लिहिलेली भिंत बघायला मिळेल. सोनीबायच्या भिंतीवर चौकाच्या कडेला अण्णांच्या अंगठ्याचे तीन ठसे तसेच होते. ते बुजवायला कोणाला सुचलं नव्हतं, किंवा बुजवायचे नव्हते. बोअरपाशी पाच-सहा बायका ओणव्या झाल्या होत्या. झाकणाच्या भोकातून एकेक खडा सोडत होत्या आणि कान लावून ऐकत होत्या. खड्यांनी बोअर भरतो, हे थांबवणं माझं काम होतं. ते मी थांबवलं. पण त्याआधी नवरीने हातात दिलेला एक खडा मीही सोडला. आवाज यायला इतका वेळ लागला की मधे मला वाटलं, सगळं आटलं. मग खोलवर तो आला. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

घरी परतले तेव्हा बाबा बागेतच होते. पंप सुरू होता, केळीच्या आळ्यांत पाणी फिरत होतं. "लागलं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लागलं, पण वर आलं नाही अजून. त्यांनी पाणी पुढच्या आळ्यात वळवलं. मी विहिरीच्या काठाला टेकून एक खडा आत टाकला. हात मागे घ्यायच्या आत आवाज आला.

सोमवारपासून मी रोज सकाळी आधी भांडारात जाऊन बसते. नकाशे दुपारी रंगवते. तिथला कारकून मला पाहिलं की म्हणतो, "आली हापशी." हापशी आलेली नसते, तो मलाच म्हणत असतो. मी बसून राहते.