घरी गेल्यावर

“चल घरी. तिथं बोलती करतो तुला,” वैशालीचे वडील पुटपुटले. चौथीतल्या वैशालीच्या रिपोर्टवर मी इंग्रजीत शेरा लिहिला होता, वर्गात फार शांत असते. मी स्वतः अबोल, मला ते कौतुकच वाटलं होतं. त्यांनी अर्थ घेतला की पोरगी विचारलेल्याचं उत्तरच देत नाही.

शेजारच्या टेबलावरून सावंतबाईंनी तो रिपोर्ट सरळ त्यांच्या हातातून काढून घेतला. “सही मागनं करा. आधी सांगा, घरी गेल्यावर काय करणार?”

बोरिवलीच्या आमच्या इंग्रजी शाळेत आम्ही सगळ्या टीचर, त्या एकट्या बाई. राहायच्या दहिसरला, पण मालवणी हेल कधी सोडला नाही. ओपन डेला हा प्रश्न त्या प्रत्येक पालकाला विचारायच्या. पहिल्या आलेल्या मुलाची आई म्हणाली, “पेढे वाटणार!” तर बाई म्हणाल्या, “मग दोन इकडे पण धाडा हां.”

वैशालीचे वडील हसले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं सभ्य. “काय करणार बाई? समजावणार.”

“कशानं?”

त्यांचा हात वैशालीच्या मानेवर होता.

“अहो, शांत आहे म्हणजे चांगली आहे. ह्या टीचरच बघा, दिवसभर तोंड उघडत नाहीत. काढून टाकलं का आम्ही त्यांना?” वडिलांना हसू आलं. मानेवरचा हात निघाला.

नंतर बाई मला म्हणाल्या, “तू लिहितंस नि मोकळी होतंस, बाय. कागद तिच्यावांगडा घराक जाता.” तो तिच्याबरोबर घरी जातो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत बाई गेल्या. झोपेतच.

पुढच्या ओपन डेला त्यांची खुर्ची कुणी हलवली नव्हती. वैशालीचे वडील सगळ्यांच्या आधी आले. शेरा तोंडी समजावून सांगायचं मी ठरवलं होतं. त्यांनी तो वाचलाच नाही. गणिताच्या लाल आकड्यावर बोट टेकवलं आणि सही केली. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, “आज लवकर आटपलं.”

हात मानेवर गेला. “चल.”

वैशाली निघाली. तिचे खांदे कानांपर्यंत वर आले होते. ती दोघं दारात पोचली तेव्हा मी उठले. माझी खुर्ची मागे आपटली, सगळे बघायला लागले.

“थांबा. घरी गेल्यावर काय करणार?”

ते वळले, हसले. “समजावणार, मॅडम.”

“कशानं?” मी विचारलं.