शुक्रवारची पाहणी

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सायझिंग आहे, म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात तो कारखाना. खळ शिजवायला बॉयलर लागतो आणि बॉयलरला जाळायला काहीतरी लागतं. लाकूड परवडत नाही, म्हणून चिंध्या, प्लास्टिक, फाटक्या चपला, जे हाताला लागेल ते आत जातं. आज काय जळतंय ते मला आता नुसत्या वासावरून सांगता येतं. निवृत्त शिक्षकाने काहीतरी नवीन शिकत राहावं म्हणतात, ते हे असं.

सायझिंगच्या भिंतीला लागून आमच्या शेजाऱ्यांचं, दादा-वहिनींचं घर. दादांना दमा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, धूर तरी बंद करा नाहीतर घर तरी सोडा. हे घर दादांनी भातशेतीच्या उरलेल्या तुकड्यावर स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. वहिनी म्हणाल्या, "मास्तर, धूर बंद करायचा कागूद लिवा. घर सोडायचा कागूद मी लिवनार न्हाय."

अर्ज करून झाले, मग आमच्या आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारायचं कबूल केलं. मजकूर मी लिहिला. अशा प्रश्नाचा साचा ठरलेला असतो : अमुक कारखान्यातून विषारी धूर सोडला जातो, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. आयुष्यभर मी मुलांना प्रश्न विचारले, पण इतक्या अदबीने एकदाही नाही. आमदारांच्या कार्यालयाबाहेर प्रश्न लागल्याबद्दल त्यांच्याच अभिनंदनाचा फलक झळकला. उत्तराची वाट पाहायची गरज त्यात कुणाला वाटली नव्हती.

मग पाहणी करायला प्रदूषण मंडळाचे साहेब आले, शुक्रवारी. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, त्यांच्याबरोबर सायझिंगही. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं, म्हणूनच मी ते प्रश्नात लिहिलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो, हे अर्जात कोण लिहितं?

फाटकावरचा रखवालदार खाटेवरून न उठताच म्हणाला, "आज छुट्टी है, साहब. कल आओ."

वहिनी धावत गेल्या. "साहेब, आज सुक्रवार हाय. उद्या या, तुमचं डोलं चुरचुरतील तवा कलंल."

"ताई, मला आजचा आदेश आहे."

"मंग आमच्या यांची छाती तरी आयका. ती रोज चालू असते, तिला सुट्टी न्हाय."

"छाती माझ्या विषयात येत नाही हो," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. वहिनींनी दिलेला चहा त्यांनी घेतला, दादांना वाफ घ्यायला सांगितलं, थंड चिमणीचा फोटो काढला आणि गेले.

अधिवेशनात उत्तर आलं : "प्रत्यक्ष पाहणीवेळी चिमणीतून धूर निघत असल्याचे आढळून आले नाही. प्रश्न उद्भवत नाही."

मी आमदारांकडे गेलो. म्हटलं, "सभागृहाची दिशाभूल झाली. हक्कभंग आणा."

ते हसले. "सर, यात खोटं काय आहे ते दाखवा. धूर होता का?"

"नव्हता."

"मग? तुम्ही मराठी शिकवायचात, तुम्हीच सांगा, कुठल्या वाक्यावर बोट ठेवू?"

मी ते उत्तर पुन्हा वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं सांगायला निदान थोडी भीती तरी वाटावी लागते. इथे तेवढेही कष्ट कुणी घेतले नव्हते. ज्या सभागृहाला हे सांगितलं, त्यात 'वार कोणता होता?' एवढं विचारणारा एकही जण निघाला नाही. आमच्या आमदारांचा जन्म भिवंडीतला. त्यांनाही सुचलं नाही, किंवा सुचून जेवणाची वेळ झाली असेल.

पुढच्या अधिवेशनासाठी मी दुसरा प्रश्न लिहून दिला. पाहणी शुक्रवारी करण्यात आली, हे खरे आहे काय. शुक्रवारी कारखाना बंद असतो, हे खरे आहे काय. असल्यास, चालू दिवशी फेरपाहणी करणार काय? या वेळी फलक लागला नाही. लेखी उत्तर मात्र आलं : "पाहणी शुक्रवारी करण्यात आली, हे खरे आहे. उर्वरित प्रश्न उद्भवत नाही."

मी ते वहिनींना वाचून दाखवलं. दादा आत खोकत होते.

"म्हंजे सुक्रवार हाय हे सरकारनं मानलं?"

"मानलं."

"लई झालं," म्हणाल्या आणि ट्रंक काढायला उठल्या.

आता ते दोघं अंबाडीला वहिनींच्या भावाकडे राहतात. दादांना तिथे झोप लागते. शुक्रवारी सकाळी दोघं घरी येतात, वहिनी भांड्यांवरची काजळी पुसतात, दादा अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. पुन्हा कधी पाहणी झालीच, तर साहेबांना चिमणी थंड आढळेल आणि दादा आपल्या घरी, न खोकता, चहा पिताना आढळतील. तेही सभागृहाला कळवता येईल. त्यातही काही खोटं नसेल.